ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर शिक्षण किती लागतं? आधी जन्मतारीख बघा

प्रश्न असा आहे : ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला उभं राहायला किमान किती शिक्षण लागतं? गावात कुणी सातवी सांगतं, कुणी दहावी, कुणी म्हणतं अट फक्त सरपंचाला आहे. घरातली तीन माणसं अर्ज भरायच्या विचारात आहेत. सासूबाई १९७८ सालच्या, शाळेची पायरी कधी चढलेल्या नाहीत. मुलगा १९९६ चा, सातवीत असताना शाळा सुटली. सून १९९८ ची, माहेर कर्नाटकात, तिथे कन्नड माध्यमात आठवी पास. यातलं कोण चालेल?

थोडक्यात सांगायचं तर सासूबाई चालतील, सून चालेल पण तिच्या कागदांना वेळ लागेल, आणि मुलगा आजच्या स्थितीत चालणार नाही. हे महाराष्ट्रापुरतं आहे. दुसऱ्या राज्यांचे नियम वेगळे आहेत आणि गावातला निम्मा गोंधळ तिकडच्या बातम्या इकडे लावल्यानं होतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १३ मध्ये ही अट बसवलेली आहे. १ जानेवारी १९९५ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेली व्यक्ती शालेय शिक्षणातली किमान सातवी उत्तीर्ण असली पाहिजे, किंवा तिच्याकडे सातवीशी समतुल्य अर्हता असली पाहिजे. त्याआधी जन्मलेल्याला शिक्षणाची काहीही अट नाही. सही येत नसेल, अंगठा लावत असेल, तरी चालतं. म्हणून उमेदवाराला ‘किती शिकलास’ हे नंतर विचारा, जन्मतारीख आधी विचारा. ३१ डिसेंबर १९९४ चा माणूस सुटतो, १ जानेवारी १९९५ चा अडकतो. ‘रोजी किंवा त्यानंतर’ हे शब्द विसरू नका, कारण १ जानेवारी ही तारीख कागदोपत्री किती जणांच्या नावावर असते ते पुढे येईलच.

‘फक्त सरपंचाला’ हा समज २०१७ मधला आहे. त्या वर्षी सरपंच थेट जनतेतून निवडायचं ठरलं आणि त्याबरोबर सातवीची अट आली, म्हणून ती सरपंचपदाशी जोडली गेली. २०२० मध्ये थेट निवड रद्द झाली आणि सरपंच पुन्हा सदस्यांमधून निवडला जाऊ लागला. तेव्हा झालेल्या दुरुस्तीत अट सदस्य आणि सरपंच दोघांनाही लागू झाली. १५ जानेवारी २०२१ ला १४,२३४ ग्रामपंचायतींचं मतदान होतं. त्याचे अर्ज २३ डिसेंबरपासून सुरू झाले आणि राज्य निवडणूक आयोगाचं हे स्पष्टीकरण आलं २४ डिसेंबरला, म्हणजे अर्ज भरायला सुरुवात झाल्यावर. त्यामुळे बऱ्याच पॅनलना ऐनवेळी नावं बदलावी लागली आणि ‘आयोगानं आयत्या वेळी नवीन अट काढली’ अशी ओरड झाली. अट नवी नव्हती, लोकांनी राजपत्र वाचलेलं नव्हतं. २०२२ मध्ये थेट सरपंच निवड परत आली, सातवीची अट मात्र दोन्ही पदांना तशीच आहे. महिला, अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, कुणालाही यात सूट नाही. राखीव जागा आहे म्हणून पाचवीवर चालेल, ही हरियाणाची गोष्ट आहे.

आता ‘सातवी उत्तीर्ण’ म्हणजे काय, कारण खरी भांडणं इथेच होतात.

शाळा सोडल्याचा दाखला हातात घ्या. बहुतेक जण वरचं नाव आणि जन्मतारीख बघून तो फाईलला लावतात. तुम्हाला बघायचा आहे तो खालचा रकाना : ‘कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून’. तिथे ‘इयत्ता आठवीत, जून २००९ पासून’ असं असेल तर सातवी उत्तीर्ण झाल्याशिवाय आठवीत बसवलं नसणार, हे सरळ आहे. तिथे ‘इयत्ता सातवीत’ असेल तर तो सातवीत शिकत होता एवढंच सिद्ध होतं, पास झाल्याचं नाही. मग ‘शाळा सोडल्याचे कारण’ आणि ‘शेरा’ हे दोन रकाने वाचा. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळांत ‘सातवी उत्तीर्ण, पुढील वर्ग नाही’ किंवा ‘पुढील शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं असतं. ते असेल तर काम झालं. ‘सतत गैरहजर’, ‘पालकांच्या विनंतीवरून’, ‘स्थलांतर’ असं असेल तर हा दाखला तुमच्या विरोधात जाणारा पुरावा आहे. तो स्वतःहून जोडायचा आणि मग छाननीत चकित व्हायचं, असं दर निवडणुकीला होतं. ऊसतोड किंवा वीटभट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांच्या मुलांच्या दाखल्यांवर असे शेरे हमखास सापडतात.

दाखला संदिग्ध असेल तर शाळेतून सातवीचं गुणपत्रक किंवा प्रगतिपुस्तकाची प्रत मागा. तेही नसेल तर वार्षिक निकालपत्रकाचा उतारा आणि मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं प्रमाणपत्र घ्या. त्यात जनरल रजिस्टरचा, म्हणजे शाळेच्या विद्यार्थी-नोंदवहीचा क्रमांक, कोणत्या शैक्षणिक वर्षात सातवी उत्तीर्ण, हे दोन्ही लिहून घ्या. ‘आमच्या शाळेत शिकत होता, वर्तणूक चांगली’ असल्या बोनाफाईडचा इथे काही उपयोग नाही. जुनी निकालपत्रकं सगळ्या शाळा कायमची ठेवत नाहीत. जनरल रजिस्टर मात्र कायमस्वरूपी दस्तऐवज आहे, ते असायलाच हवं. शाळा बंद झाली असेल किंवा दुसरीत विलीन झाली असेल तर ज्या शाळेत दप्तर गेलं तिथे किंवा केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी यांच्याकडे चौकशी करा.

एक बारकावा वयानुसार सांगतो. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि त्यात आठवीपर्यंत कुणाला त्याच वर्गात मागे ठेवायचं नाही असं ठरलं. म्हणजे १९९५-९६ चा मुलगा ज्या काळात सातवीत होता तेव्हा नापास होणं शक्य होतं. १९९८ नंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत सातवीचं वर्ष पूर्ण केलं की वरच्या वर्गात ढकलणं बंधनकारक होतं. त्यांच्या कागदावर ‘उत्तीर्ण’ ऐवजी श्रेणी आणि ‘वर्गोन्नत’ असा शब्द दिसेल. तो चालतो. विरोधक ‘पास लिहिलेलं नाही’ म्हणून हरकत घेतील, तर ही तरतूद दाखवा.

उलट बाजूची अडचणही याच कायद्यातून येते. शाळाबाह्य मुलांना वयानुरूप प्रवेश देण्याची तरतूद त्यात आहे. कधीच शाळेत न गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलीला थेट सातवी किंवा आठवीत बसवलं जायचं. अशा मुलीनं आठवीच्या मध्यातच शाळा सोडली असेल तर दाखल्यावर आठवी दिसते, सातवीची परीक्षा मात्र कधी दिलेली नसते. तिनं आठवी पूर्ण केली असेल तर प्रश्न नाही. अर्धवट सोडली असेल तर ही बाजू लंगडी आहे आणि गावातल्या गावात ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते.

जन्मतारखेकडे येऊ. आपल्याकडे एका माणसाच्या तीन जन्मतारखा असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. शाळेत नाव घालताना मास्तरांनी १ जून लावलेली असते, आधारवर १ जानेवारी असते कारण नोंदणीच्या वेळी फक्त साल सांगितलं होतं, आणि ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदीत खरी तारीख असते. साल तिन्हीकडे १९९६ असेल तर फरक पडत नाही. पण शाळेत १ जून १९९४ आणि आधारवर ०१/०१/१९९५ असं असेल तर एका कागदानं माणूस पात्र आणि दुसऱ्यानं अपात्र होतो. अशा वेळी जन्म-मृत्यू नोंदवहीतला दाखला सगळ्यांत भक्कम, त्याखालोखाल शाळेचं जनरल रजिस्टर. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही असं आधार प्राधिकरणानंच स्पष्ट केलेलं आहे. मतदार यादीत तर तारीख नसतेच, वय असतं, आणि तेही त्या वेळी घरच्यांनी सांगितलेलं.

ज्याच्या कागदांत असा फरक आहे त्यानं अर्ज भरताना एकच तारीख सगळीकडे लिहावी आणि तिचा मूळ पुरावा बरोबर ठेवावा. आधार दुरुस्त करायला वेळ असेल तर आधी करून घ्यावा. निवडणूक जाहीर झाल्यावर उशिराची जन्मनोंद करून साल १९९४ करून आणायचे उद्योग काही जण करतात. ते करू नका. जुन्या शाळेच्या रजिस्टरमध्ये दुसरी तारीख आहे हे शोधून काढायला प्रतिस्पर्ध्याला एक दिवस पुरतो, आणि मग प्रश्न अपात्रतेचा न राहता खोट्या दस्तऐवजाचा होतो.

सासूबाईंचा विषय इथेच संपवतो. १९७८ चा जन्म असल्यानं शिक्षणाचा एकही कागद जोडायची गरज नाही. घोषणापत्रात शिक्षणाच्या रकान्यात ‘निरक्षर’ किंवा ‘अशिक्षित’ असं स्पष्ट लिहा. लाजेखातर कुणीतरी ‘चौथी’ लिहून टाकतं. ती चौथी कायद्याला नको असते, पण लिहिली की ते शपथेवरचं खोटं विधान ठरतं आणि विरोधकाला आयता मुद्दा मिळतो. त्यांचं वय दाखवणारा एखादा विश्वासार्ह कागद मात्र हवा. जन्माचा दाखला नसेल तर जो जुना सरकारी कागद असेल तो घ्या. १९७८ आणि १९९५ यांत इतकं अंतर आहे की त्यावर वाद व्हायचं कारण नाही.

सुनेच्या बाबतीत शिक्षण पुरेसं आहे. परराज्यातली मान्यताप्राप्त शाळेची आठवी इथे सातवीपेक्षा वरची धरली जाते. अडचण तीन ठिकाणी येईल. पहिली, दाखला कन्नडमध्ये असेल. निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला तो वाचता येणार नाही, म्हणून त्याचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर करून नोटरीकडून प्रमाणित करून घ्या आणि मूळ दाखला जोडीला ठेवा. दुसरी, नाव. दाखल्यावर माहेरचं नाव आणि वडिलांचं नाव असतं, मतदार यादीत सासरचं. या दोन्ही नावांची एकच बाई आहे हे दाखवणारा विवाह नोंदणीचा दाखला हवा. तो नसेल तर ग्रामपंचायतीत विवाह नोंदणी आत्ताच करून घ्या. नाव पूर्ण बदललं असेल, म्हणजे माहेरची ‘लक्ष्मी’ सासरी ‘वैशाली’ झाली असेल, तर राजपत्रात नावबदल प्रसिद्ध केलेला बरा. नुसत्या प्रतिज्ञापत्रावरही अधिकारी मान्य करतात, पण हरकत आली की ते हलकं पडतं. तिसरी गोष्ट म्हणजे तिचं नाव या ग्रामपंचायतीच्या मतदार यादीत आहे का. माहेरच्या यादीत नाव राहिलेल्या सुना खूप असतात. यादीत नाव नसेल तर बाकी सगळं असूनही उभं राहता येत नाही. यादीत असेल तर ती गावातल्या कोणत्याही प्रभागातून लढू शकते, आपल्याच प्रभागातून लढलं पाहिजे असं नाही. आरक्षण तेवढं जुळलं पाहिजे.

मुलाचं काय करता येईल? सातवी अर्धवट सुटलेल्याला आज पुन्हा सातवीची परीक्षा देता येत नाही. मार्ग दोन आहेत. पहिला म्हणजे महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा, किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मुक्त मूलभूत शिक्षणाचा ‘क’ स्तर, जो आठवीच्या बरोबरीचा आहे. ‘ब’ स्तर पाचवीचा असतो, तो घेऊन येऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून दहावी. त्याला पाचवी उत्तीर्ण असावं लागतं, ते तुमच्या मुलाकडे आहे. दहावी पास झाला की सातवीचा कागद त्याला कुणी विचारणार नाही. १७ नंबरला शाळेचा मूळ दाखला जमा करावा लागतो, म्हणून देण्यापूर्वी त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. दोन्ही मार्गांना बरेच महिने लागतात आणि परीक्षा ठरलेल्या काळातच होते. निवडणूक सहा महिन्यांवर असेल तर या खेपेला त्याचं नाव सोडा.

दहावी नापासाचं गुणपत्रक सातवीच्या पुराव्यासाठी नेहमी पुढे केलं जातं. ते नियमित विद्यार्थ्याचं असेल तर ठीक, कारण तो नववीपर्यंत शाळेतून आलेला असतो. १७ नंबरनं बसलेल्याचं असेल तर ते काहीच सिद्ध करत नाही. पाचवीनंतर थेट दहावीला बसून नापास झालेला माणूस सातवी उत्तीर्ण ठरत नाही. गुणपत्रिकेवर खासगी विद्यार्थी असल्याची खूण बघा. याचप्रमाणे साक्षरता कार्यक्रमाचं प्रमाणपत्र हे लिहिता-वाचता येतं याचं प्रमाणपत्र आहे, सातवीशी समतुल्य नाही. आयटीआयला दहावी लागणाऱ्या आणि दहावी न लागणाऱ्या अशा दोन्ही प्रकारच्या जागा असतात, तेव्हा नुसतं ‘आयटीआय झालंय’ म्हणून निश्चिंत राहू नका. मुक्त विद्यापीठाची पूर्वतयारी परीक्षा दिलेले काही जण असतात. ती विद्यापीठात प्रवेश मिळावा यासाठी आहे. शालेय सातवीशी समतुल्य म्हणून ती मानली जाईल यावर मी तरी उमेदवारी टांगणार नाही.

अर्ज भरताना क्रम असा ठेवा. आयोगाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून नामनिर्देशनपत्र आणि घोषणापत्र भरायचं, त्याची छापील प्रत काढून सह्या करायच्या आणि ठरलेल्या दिवसांत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे नेऊन द्यायची. शेवटच्या दिवशी संकेतस्थळ संथ चालतं हे सगळ्यांना माहीत असूनही सगळे शेवटच्याच दिवशी जातात. डिसेंबर २०२० मध्ये याच कारणानं अखेरीस कागदावरचे अर्ज घ्यायची परवानगी द्यावी लागली होती. घोषणापत्रात शिक्षण, शाळेचं नाव आणि उत्तीर्ण झाल्याचं वर्ष दाखल्याशी जुळवून लिहा. नेटकॅफेवाला मुलगा घाईत ‘बारावी’ निवडून मोकळा होतो आणि उमेदवार न वाचता सही करतो, हे रोजचं आहे. छापील प्रत घरी नेऊन वाचा.

शिक्षणाच्या पुराव्याचे दोन संच करा. एक अर्जाला जोडा, त्याची पोच घ्या. दुसरा, मुळांसह, छाननीच्या दिवशी पिशवीत हवा. एक सोपी युक्ती आहे : ज्याच्या पात्रतेबद्दल शंका आहे त्या जागेवर पर्यायी उमेदवाराचाही अर्ज भरून ठेवा. मुख्य अर्ज मंजूर झाला की माघारीच्या मुदतीत दुसरा काढून घेता येतो. उलटं करता येत नाही.

छाननी ही छोटीशी, झटपट चौकशी असते. अधिकाऱ्यासमोर दिवसभरात शेकडो अर्ज असतात. तो साक्षीपुरावे घेत बसत नाही, समोर दिसणाऱ्या कागदावर निर्णय देतो. किरकोळ तांत्रिक चुकीवरून अर्ज बाद करायचा नसतो. नावात ‘राव’ राहिलं, शाळेच्या नावात चूक झाली, एवढ्यानं अर्ज जाऊ नये. पण सातवीचा पुरावाच नाही, ही किरकोळ चूक नव्हे. तुमच्या अर्जावर हरकत आली तर लेखी हरकत मागा, लेखी उत्तर द्या, मूळ कागद दाखवा. तुम्हाला दुसऱ्यावर हरकत घ्यायची असेल तर ‘तो शिकलेला नाही, सगळ्या गावाला ठाऊक आहे’ हे चालत नाही. कोणती शाळा, कोणता रजिस्टर क्रमांक, कोणत्या इयत्तेत सोडली, हे लिहा आणि शाळेचं दप्तर मागवावं अशी विनंती त्यातच करा. ती फेटाळली तरी नोंद राहते.

विरोधकाचा दाखला माहिती अधिकारात मागवू, असं बरेच जण म्हणतात. उत्तराला ३० दिवसांची मुदत असते, शिवाय खासगी माहिती म्हणून नकार येऊ शकतो. निवडणूक याचिकेची मुदत आहे निकालानंतर १५ दिवस. हे गणित जमत नाही.

अर्ज चुकीनं बाद झाला तर लगेच वरच्या कोर्टात जाऊन निवडणूक थांबवू, ही कल्पना सोडून द्या. संविधानाच्या अनुच्छेद २४३-ओ नुसार पंचायत निवडणुकीला आव्हान निवडणूक याचिकेनंच द्यायचं असतं. प्रक्रिया चालू असताना न्यायालयं सहसा हात घालत नाहीत, आणि हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयातल्या पोन्नुस्वामी खटल्यापासून, म्हणजे १९५२ पासून, ठरलेलं आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १५ खाली निकाल जाहीर झाल्यापासून १५ दिवसांत दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे याचिका करायची. उमेदवार करू शकतो, मतदारही करू शकतो. मुदत उलटली की उशीर माफ होईल या भरवशावर राहू नका. तिथे मुख्याध्यापकांना जनरल रजिस्टर घेऊन साक्षीला बोलावता येतं, आणि जे छाननीत सिद्ध झालं नाही ते इथे होतं.

वकीलसुद्धा एका ठिकाणी घसरतात. तिसरं अपत्य, सरकारी जागेवरचं अतिक्रमण, थकबाकी, शौचालय या सगळ्या कलम १४ मधल्या अनर्हता आहेत. त्यांच्यासाठी कलम १६ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो, आणि तो निकालानंतर १५ दिवसांनीही, पुढेही करता येतो. शिक्षणाची अट मात्र कलम १३ मध्ये, म्हणजे पात्रतेच्या कलमात आहे. कलम १६ चे शब्द कलम १४ बद्दल बोलतात. त्यामुळे ‘निवडून येऊ दे, मग सावकाश जिल्हाधिकाऱ्यांकडे सातवी काढू’ असा बेत केला तर अधिकारक्षेत्राचाच आक्षेप येतो. शिक्षणाबद्दल खरी तक्रार असेल तर छाननीत हरकत आणि १५ दिवसांत याचिका, हाच रस्ता धरा.

ही अट संविधानाला धरून आहे का, असंही नेहमी विचारलं जातं, कारण आमदार-खासदाराला शिक्षणाची कसलीच अट नाही. अनुच्छेद २४३-एफ राज्य विधिमंडळाला कायद्यानं अनर्हता ठरवायची मुभा देतो. हरियाणानं २०१५ मध्ये सर्वसाधारण उमेदवाराला दहावी, महिला आणि अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आठवी आणि पंचपदासाठी उभ्या राहणाऱ्या अनुसूचित जातीच्या महिलेला पाचवी अशी अट घातली. राजबाला खटल्यात १० डिसेंबर २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठानं, न्या. चेलमेश्वर आणि न्या. सप्रे यांनी, ती वैध ठरवली. हा निकाल उभा आहे तोवर महाराष्ट्राच्या त्याहून सौम्य अटीला त्या मुद्द्यावर आव्हान देऊन फारसं हाती लागणार नाही.

राजस्थाननं डिसेंबर २०१४ मध्ये, निवडणुका तोंडावर असताना, वटहुकूम काढून सरपंचाला आठवी, अनुसूचित क्षेत्रात पाचवी आणि पंचायत समिती, जिल्हा परिषदेला दहावी केली. प्रौढ माणसाला पंधरा दिवसांत शाळा पूर्ण करता येत नाही, गुणपत्रक मात्र मिळवता येतं, आणि खोट्या गुणपत्रकांच्या तक्रारींची रांग लागली. २०१९ मध्ये तिथल्या सरकारनं ती अट काढून टाकली. ओडिशात सरपंचाला ओडिया लिहिता-वाचता येणं पुरतं. माझं मत विचाराल तर १ जानेवारी १९९५ ही रेषा आखून महाराष्ट्रानं त्यातल्या त्यात शहाणपण केलं. ज्यांच्या लहानपणी वाडीवर शाळाच नव्हती त्या पिढीला शिक्षा केली नाही. पण ऊसतोडणीला आईबापांमागे फिरलेल्या १९९७ च्या मुलाचा यात काय दोष, याचं उत्तर या रेषेत नाही, आणि दर पाच वर्षांनी या अटीखाली येणारे उमेदवार वाढतच जाणार आहेत. सातवी झाली म्हणजे ई-ग्रामस्वराज्य या ग्रामपंचायतीच्या हिशेबाच्या सरकारी पोर्टलवरचे व्यवहार कळतात असंही नाही. सरपंचाची डिजिटल सही दुसऱ्याच्याच खिशात असते, ती काही निरक्षर सरपंचांचीच नव्हे.

तुमच्या घरापुरती आणखी एक गोष्ट तपासा, कारण शिक्षणाच्या नादात ती सुटते. दोन अपत्यांच्या अटीत १२ सप्टेंबर २००१ ही तारीख आहे. त्या तारखेपर्यंत झालेल्या मुलांमुळे अपात्रता येत नाही, म्हणून सासूबाईंच्या वयाच्या माणसाला मुलांच्या जन्मतारखा लावून बघाव्या लागतात. सुनेच्या पिढीला या तारखेचा उपयोग नाही, कारण तिची सगळी मुलं त्यानंतरचीच असणार. एक मूल आणि नंतर जुळी असतील तर ती जुळी कायद्यात एकच धरली जातात. दोन बाळंतपणांनंतर तिसरं झालं असेल तर सातवी, आठवी, पदवी काहीही असो, तिचा अर्ज भरू नका. आणि दोन्ही ठीक असेल तर कर्नाटकातल्या शाळेला दाखल्यासाठी आजच फोन लावा. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेत दाखल्यावर सही करायला कुणी सापडत नाही.